पाऊस खरोखरच वाढला काय?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्या सोलापूरकरांना ढग दिसणे आणि पाऊस पडणे यांतला फरक कुणी शिकवायला नको! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत येथेच विमानातून ढगांत पेरणी केली. काही ढग पेरले, काही मुद्दाम तसेच सोडले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस!

पण पेरलेला ढग एरवी किती बरसला असता, हे डोळ्यांना कसे दिसावे? ते पर्जन्यमापक व रडार यांच्या नोंदींवरून हिशेबानेच काढायचे. आणि तो हिशेब करते संगणकाची आज्ञावली.

तेथे बारीकसा फरकही महागात पडतो. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा यंत्रात घातला, आणि यंत्रातले हवामान पार पालटून गेले!

म्हणून निष्कर्षाबरोबर नोंदी आणि आज्ञावलीही खुल्या हव्यात. सासूबाईंच्या भाजणीचे प्रमाण वहीत नेमके उतरले असेल, तरच सूनबाईंची चकली तशी खुसखुशीत होते. ‘अंदाजाने घाला’ म्हटले की बिघडलीच! रडारच्या नोंदी वाचणारी ‘पाय-आर्ट’ ही अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेत तयार झालेली आज्ञावली कुणालाही विनामूल्य मिळते. एकाने केलेले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडते ते असे.

ढगांत पेरला जातो तो अखेर तुमचाआमचाच पैसा. शेजारच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला आभाळाची आशा दाखवण्यापूर्वी दुसऱ्या कुणी तोच हिशेब मांडून तेच उत्तर काढलेले बरे, नाही का?