सिलॅबस बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? मंजुरीचे टप्पे, तुमचा पॅटर्न आणि मोबाइलवर तपासायची पद्धत

परीक्षा जवळ आली की ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते. नाव असतं ‘लेटेस्ट सिलॅबस फायनल’. शंभर जण डाउनलोड करतात आणि त्यातले दोन-तीन जण पहिल्या पानावर पॅटर्न कुठला लिहिलाय ते बघतात. बाकीचे थेट युनिट १ वर जातात. विषयाचं नाव तेच, पण युनिट जुने, असं असेल तर पेपर हातात आल्यावरच कळतं.

दुसरा प्रश्न मला ज्युनिअर मुलं नेहमी विचारतात: "दादा, कंपनीत जे वापरतात ते सिलॅबसमध्ये का नाही? कोण ठरवतं हे?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. सिलॅबस हे व्हर्जन असलेलं डॉक्युमेंट आहे. प्रत्येक व्हर्जनमागे कुणीतरी मांडलेला प्रस्ताव असतो, कुणीतरी दिलेली मंजुरी असते आणि तारीख असते. हे सगळं शोधता येतं. चला, महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

आधी व्हर्जन समजून घ्या

फोनमधल्या अ‍ॅपला जसं व्हर्जन असतं, तसं सिलॅबसलाही असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याला ‘पॅटर्न’ म्हणतात. इंजिनीअरिंगला २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न आले. मुंबई विद्यापीठात इंजिनीअरिंगच्या २०१९ च्या सुधारणेला ‘सी स्कीम’ म्हणतात.

फरक एकच. अ‍ॅप अपडेट केलं की सगळ्यांचं बदलतं, पॅटर्न तसा बदलत नाही. तो प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे लागू होतो आणि वर्षावर्षाने पुढे सरकतो. पुण्याचा २०१९ पॅटर्न बघा:

- २०१९-२०: प्रथम वर्ष
- २०२०-२१: द्वितीय वर्ष
- २०२१-२२: तृतीय वर्ष
- २०२२-२३: अंतिम वर्ष

म्हणजे २०१९ मध्ये सुरू झालेला बदल शेवटच्या वर्षाच्या वर्गात पोहोचायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात एकाच कॉलेजमध्ये, एकाच जिन्यावर, दोन वेगवेगळ्या पॅटर्नची मुलं भेटत होती. सीनिअरच्या नोट्स आंधळेपणाने वापरायच्या नाहीत, त्याचं कारण हेच. ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ हा विषय २०१५ आणि २०१९ या दोन्ही पॅटर्नमध्ये आहे. नुसत्या नावावरून तुमचा कोणता ते कळणार नाही.

बदल कुठून सुरू होतो आणि कुठे मंजूर होतो?

राज्यातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांचा कारभार ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्याने चालतो. आरोग्य विज्ञान, कृषी आणि मुक्त विद्यापीठांचे कायदे वेगळे आहेत, पण कल्पना साधारण तीच आहे.

मी रोज ज्या पद्धतीने काम करतो, त्याच्याशी ही रचना बरीच जुळते. आमच्याकडे कुणीही थेट मुख्य कोडमध्ये बदल करत नाही. बदल लिहायचा, पुल रिक्वेस्ट टाकायची, दुसऱ्याने रिव्ह्यू करायचा, मग तो मर्ज होतो आणि शेवटी रिलीज. विद्यापीठात हेच टप्पे असे आहेत:

१. अभ्यासमंडळ. प्रत्येक विषयाचं किंवा विषयगटाचं एक अभ्यासमंडळ असतं. सगळे त्याला ‘बीओएस’ म्हणतात. त्यात त्या विषयाचे प्राध्यापक, विभागप्रमुख आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात, उद्योगातलेसुद्धा. कुठलं युनिट ठेवायचं, कुठलं काढायचं, पुस्तकं कोणती, प्रॅक्टिकल किती, हे सगळं इथे लिहिलं जातं. मजकूर खऱ्या अर्थाने इथेच तयार होतो.

२. विद्याशाखा. कायद्यात चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रमुख असतात अधिष्ठाता, म्हणजे डीन. एका अभ्यासमंडळाचा बदल दुसऱ्या विषयांशी जुळतो का, हे इथे बघितलं जातं. कोडच्या भाषेत सांगायचं तर तुझ्या बदलामुळे दुसऱ्याचं मॉड्यूल तुटत नाही ना, ही तपासणी.

३. विद्यापरिषद. अध्यक्ष स्वतः कुलगुरू. शैक्षणिक गोष्टींचा शेवटचा शब्द इथे असतो. इथे मंजूर झालं की बदल मर्ज झाला असं समजा.

४. परिपत्रक. मंजुरीनंतर विद्यापीठ परिपत्रक काढतं आणि सिलॅबस वेबसाइटवर टाकतं. हे झालं रिलीज. परिपत्रक आलं नाही तोवर ‘आतून कळलंय’ या बातमीला किंमत देऊ नका.

फी किंवा खर्चाचा मुद्दा असेल तर तो व्यवस्थापन परिषदेकडे जातो. आणि हॉटफिक्ससारखी सोयही आहे: तातडीची गरज असेल तर कुलगुरू आधी निर्णय घेऊन नंतर संबंधित मंडळासमोर तो मांडू शकतात.

युनिट बदलणं आणि नवा कोर्स आणणं, दोन्ही सारखं नाही

एखाद्या युनिटमधला मुद्दा बदलायचा असेल तर वरचे टप्पे पुरतात. पण कॉलेजला अख्खा नवा कोर्स सुरू करायचा असेल तर गोष्ट विद्यापीठाबाहेर जाते. संलग्न कॉलेजला नव्या अभ्यासक्रमासाठी राज्य सरकारची परवानगी लागते. त्या भागात तो कोर्स हवा आहे का, हे विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसावं लागतं. इंजिनीअरिंगसारखा तांत्रिक कोर्स असेल तर एआयसीटीईची मान्यताही लागते.

म्हणून प्रवेश घेताना "पुढच्या वर्षी आमच्याकडे एआयची ब्रँच येतेय" असं कुणी सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: मान्यतेचं पत्र आलंय का? अर्ज केलेला असणं आणि मान्यता मिळालेली असणं यात तुमचं एक वर्ष जाऊ शकतं.

स्वायत्त कॉलेजचं काय?

स्वायत्त, म्हणजे ऑटोनॉमस कॉलेजचं स्वतःचं अभ्यासमंडळ आणि स्वतःची विद्यापरिषद असते. सिलॅबस ते स्वतः बदलू शकतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे बदल लवकर होतात. पण दुसरी बाजू अशी, की विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा सिलॅबस तुमच्या उपयोगाचा नसतो. तुम्हाला कॉलेजच्याच वेबसाइटवर बघावं लागतं. बाजारातली विद्यापीठ पॅटर्नची गाइडं घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

एवढा वेळ का लागतो?

मलाही कॉलेजात हा वेळ बघून वैताग यायचा. पण एक युनिट बदललं की मागोमाग काय काय बदलतं ते बघा: प्रश्नपत्रिकेचा आराखडा, लॅबची यादी, पुस्तकं, शिकवणाऱ्यांची तयारी. आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे बॅकलॉगची मुलं. जुन्या पॅटर्नमध्ये विषय राहिलेल्यांसाठी विद्यापीठ काही काळ जुन्याच सिलॅबसवर परीक्षा घेतं. त्या संधी संपल्या की नव्या पॅटर्नमधला समकक्ष विषय द्यावा लागतो. कुठल्या विषयाला कुठला समकक्ष, याची यादी मंजूर व्हावी लागते. आम्ही याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो, आणि ती घाईत केली की ज्याच्याकडे आवाज सगळ्यात कमी आहे तोच अडकतो.

तुमचा जुना विषय राहिला असेल तर दोन गोष्टी लेखी विचारा: जुन्या पॅटर्नच्या किती संधी उरल्या आहेत आणि समकक्ष विषय कोणता. तोंडी उत्तरावर थांबू नका, परिपत्रक मागा.

मोबाइलवर पाच मिनिटांत तपासा

१. विद्यापीठाची अधिकृत वेबसाइट उघडा. पत्त्याच्या शेवटी बहुतेक वेळा ‘डॉट एसी डॉट इन’ असतं. मोबाइलवर मेनू नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा.

२. ‘सिलॅबस’ किंवा ‘परिपत्रके’ हा विभाग शोधा. विद्याशाखा, कोर्स आणि मग वर्ष निवडा.

३. पीडीएफचं पहिलं पान वाचा. पॅटर्न किंवा सुधारणेचं वर्ष आणि ‘कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू’ ही ओळ बघा. मुंबई विद्यापीठाच्या सिलॅबसवर विद्यापरिषदेच्या बैठकीची तारीख आणि आयटेम नंबरही छापलेला असतो. ती त्या व्हर्जनची मंजुरीची पावतीच.

४. तुमचं हॉल तिकीट किंवा जुनी मार्कशीट काढा. त्यावरचा पॅटर्न पीडीएफशी जुळतो का बघा.

५. जुळला की फाइलचं नाव बदलून ठेवा: कोर्स, वर्ष, पॅटर्न. ग्रुपवर पाठवताना फाइलसोबत मूळ लिंकही द्या.

दुसरीकडून कोर्स करताय? आधी विचारा

आता क्रेडिटची पद्धत आली आहे. तुमची क्रेडिट्स ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि हे खातं डिजिलॉकरमधून दिसतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’वरून करायची परवानगी विद्यापीठ देऊ शकतं. इथे ‘देऊ शकतं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्या कोर्ससाठी कुठले स्वयम् कोर्स चालतील, हे तुमच्या विद्यापीठाने किंवा कॉलेजने मान्य केलेलं असावं लागतं. परीक्षा देऊन सर्टिफिकेट आणल्यावर विचारण्यापेक्षा नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना मेल करा.

बदल हवाय? मग प्रस्ताव असा लिहा

‘सिलॅबस आउटडेटेड आहे’ या वाक्यावर कुठलंच मंडळ काही करू शकत नाही. ते बग रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅप चालत नाही’ लिहिण्यासारखं आहे. आकड्यात बोला.

थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास. ३ क्रेडिटचा विषय म्हणजे ४५ तास. समजा तुम्हाला त्यात गिट आणि व्हर्जन कंट्रोलसाठी ६ तास हवे आहेत. मग उरले ३९. तर कुठले ६ तास काढायचे? खरा प्रश्न हा आहे, आणि मागणी करणारे बहुतेक जण इथेच गप्प होतात. थिअरीला हात लावायचा नसेल तर प्रॅक्टिकलकडे बघा. तिथे १ क्रेडिटला ३० तास मिळतात, आणि एखादं जुनं असाइनमेंट बदलणं जास्त सोपं असतं.

एका पानात एवढं लिहा:

- विषय, पॅटर्न, युनिट क्रमांक
- आत्ता काय आहे आणि त्याला किती तास आहेत
- त्याऐवजी काय हवं, किती तास
- त्यासाठी लागणारं पुस्तक आणि लॅबमध्ये लागणारं सॉफ्टवेअर, शक्यतो मोफत मिळणारं
- आधीच्या किंवा पुढच्या कुठल्या विषयावर परिणाम होईल

हे पान तुमच्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना आणि विभागप्रमुखांना द्या, आणि प्रत अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना पाठवा. तुमच्याच कॉलेजातलं कुणी मंडळावर आहे का, तेही विचारून घ्या. अनेकदा असतं आणि मुलांना माहीत नसतं.

सेमिस्टरच्या शेवटी जो फीडबॅक फॉर्म येतो, तोही नीट भरा. नॅकच्या मूल्यांकनात अभ्यासक्रमावर विद्यार्थ्यांचा फीडबॅक घेतला का आणि त्यावर काय केलं, हे विचारलं जातं. वीस सेकंदांत सगळीकडे ‘गुड’ टिक केलं तर कागदावर तुम्ही समाधानी आहात.

प्रस्तावाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकार आहेच. सरकारी विद्यापीठं त्यात येतात. १० रुपये फी भरून अभ्यासमंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मागता येतं आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात बैठकीची तारीख किंवा महिना नक्की लिहा, मग टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

तुम्ही सुचवलेला बदल मंजूर झाला तरी तो बहुधा तुमच्या बॅचला मिळणार नाही, मागून येणाऱ्यांना मिळेल. तुम्ही आज जे शिकताय त्यातलंही काही असंच कुणीतरी आधी मागून ठेवलेलं असणार. तेव्हा आज आधी पहिलं पान उघडा आणि स्वतःचा पॅटर्न तपासा. प्रस्ताव परीक्षा संपल्यावर लिहिलात तरी चालेल.