तीन नमुने, पण शेतकऱ्याच्या हाती एकही नाही

खत निरीक्षक कृषी सेवा केंद्रात जातो, गोण्यांतून खताचा नमुना काढतो, त्याचे तीन सारखे भाग करतो आणि सील लावतो. एक भाग प्रयोगशाळेकडे जातो. दुसरा विक्रेत्याला किंवा उत्पादक कंपनीला मिळतो. तिसरा निरीक्षकाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतो. खत (नियंत्रण) आदेश १९८५ मध्ये ही पद्धत लिहिलेली आहे आणि कागदावर ती चांगलीच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्याने उसनवारी करून तेच खत विकत घेतले आणि आपल्या दोन एकरांत टाकले, त्या शेतकऱ्याचा या तीन भागांत वाटा कोणता? दुकानात काढलेल्या नमुन्यात त्याचा वाटा शून्य आहे. पंचनाम्यावर त्याची सही नाही, अहवालाची प्रत त्याच्या घरी येत नाही, आणि अहवालाविरुद्ध कोणी अपील केले तर त्याला कळतही नाही.

आता पुढे काय होते ते पाहू. प्रयोगशाळेचा अहवाल येतो की खत अप्रमाणित आहे. पिशवीवर छापलेले नत्र, स्फुरद, पालाश आतमध्ये तेवढे नाही. कंपनी स्वस्थ बसत नाही. आदेशाच्या कलम ३२ खाली ती तीस दिवसांच्या आत अपील करते आणि फेरतपासणी मागते. मग अपिलीय अधिकारी उरलेल्या दोन नमुन्यांपैकी एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. पहिली तपासणी जिथे झाली ती प्रयोगशाळा चालत नाही, त्या राज्यातली दुसरीही चालत नाही. फरिदाबादची केंद्रीय संस्था आणि तिच्या मुंबई, चेन्नई व कल्याणी येथील विभागीय प्रयोगशाळा एकच गट धरल्या जातात. म्हणजे त्यांच्यापैकी एकीने पहिली तपासणी केली असेल तर फेरतपासणी दुसरीकडे देता येत नाही. याला आमची हरकत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. पण दुसरा अहवाल जेव्हा म्हणतो की खत प्रमाणित आहे, तेव्हा एकाच गोणीचे दोन निकाल टेबलावर येतात, आणि त्या दोन निकालांच्या फटीतून कोण निसटतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दोन अहवाल वेगळे आले म्हणजे कुणीतरी पैसे खाल्लेच, असे आम्ही म्हणणार नाही. खत ही ओल धरणारी वस्तू आहे. मिश्रखतात वेगवेगळ्या आकाराचे दाणे असले की गोणी हलताना ते आपोआप वेगळे होतात. बारीक दाणा खाली बसतो, जाड वर येतो. नमुना वरूनच घेतला तर एक निकाल, गोणीच्या तळापर्यंत नळी घालून घेतला तर दुसरा. थोडाफार फरक कायद्यानेही मान्य केला आहे आणि त्याची मर्यादा आदेशाच्या पहिल्या अनुसूचीत दिली आहे. पण सगळा दोष रसायनशास्त्राच्या माथी मारून चालणार नाही. नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेकडे पाठवायचा असा नियम आहे. तो किती दिवस कार्यालयाच्या कपाटात पडून होता, सील शाबूत होते का, वरिष्ठांकडचा तिसरा भाग कोणत्या खोलीत, कोणत्या हवेत ठेवला होता, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्याचा हक्क माहिती अधिकार कायदा २००५ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. नमुना काढल्याचा फॉर्म, प्रयोगशाळेकडे पाठवल्याचा फॉर्म आणि तपासणी अहवाल, या तिन्हींच्या प्रती दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की निम्मी हकिकत तिथेच बाहेर पडते.

अप्रमाणित खत विकणे हा जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. एक अहवाल होय म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, म्हणजे संशय उभा राहिलाच, आणि संशयाचा फायदा आरोपीला. परवाना परत मिळतो, दुकान उघडते. गावात बातमी पसरते की खत चांगलेच होते, शेतकऱ्यानेच काहीतरी चुकवले. इथेच आमचे बांधव फसतात. फौजदारी खटला सुटला म्हणजे आपली नुकसानभरपाईही गेली, असे ते समजतात. हे खरे नाही.

ग्राहक आयोगाचे दार वेगळे आहे आणि तिथले मापही वेगळे आहे. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच पाहिले जाते. कंपन्यांचे वकील तिथे दोन ठरलेले मुद्दे मांडतात. शेतकरी पीक विकतो म्हणून तो ग्राहक नाही, हा पहिला. माल प्रयोगशाळेत तपासलेलाच नाही, हा दुसरा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे, आणि त्याने विकत घेतलेले सगळे बियाणे पेरले असताना तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला बियाण्यांचा होता, पण खताच्या गोणीला हा युक्तिवाद लागू का होऊ नये? खतही जमिनीतच जाते. ते कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमच्या कार्यकर्त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. आयोग स्वतः माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तो अहवाल कोणाला मान्य नसेल तर त्याने आक्षेप लेखी द्यायचा आणि आयोगाने ऐकून निर्णय करायचा. शिवाय आधी झालेल्या तपासणीचे अहवाल आणि पुराव्याच्या वस्तू मागवून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणून शेतकऱ्याने अर्ज करावा की, माझ्या गोणीच्या लॉटचे दोन्ही अहवाल मागवा आणि तिसरा नमुना शिल्लक असेल तर तोही हजर करा. ज्या नमुन्यात त्याला वाटा नव्हता, तो असा त्याच्या कामी येऊ शकतो. एखाद्या खासगी प्रयोगशाळेतून आणलेल्या चिठ्ठीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. समोरचा वकील ती पहिल्याच तारखेला बाजूला सारतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात जमीन किती एकर आहे यापेक्षा तिच्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात याला त्यांनी महत्त्व दिले होते. खत हे आजच्या लहान शेतकऱ्याचे सर्वांत मोठे भांडवल आहे. पन्नास एकरवाल्याची एक गोणी खोटी निघाली तर त्याचा हिशेब थोडा बिघडतो. गायरानावर किंवा बटाईने कसणाऱ्याचे वर्षच जाते. त्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून त्याला वाटते की कायदा आपल्यासाठी नाही. पण ग्राहक होण्यासाठी सातबारा लागत नाही, खरेदीची पावती लागते. खत आदेशानेच विक्रेत्यावर पावती देण्याची सक्ती केली आहे. उधारीचा माल असला तरी ती द्यावी लागते. ती आपल्या नावाने घ्यावी, मालकाच्या नावाने नव्हे. त्यावर लॉट नंबर लिहून घ्यावा आणि रिकामी गोणी शिवणीसह जपून ठेवावी. दोन मुठी खत बाजूला काढायचे असेल तर ते पंचांसमोर सील करावे, नाहीतर भेसळ तुम्हीच केली असे ऐकावे लागेल. पीक पिवळे पडू लागले की त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणी ऐकले नाही असेच पुढे ठरते.

राहिला खर्चाचा प्रश्न. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. तपासणीची फी मात्र तक्रारदाराकडून आधी भरून घेतली जाऊ शकते, तेवढी तयारी ठेवावी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची आणि ती आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. कंपनीचे कार्यालय कुठेही असो. वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चे कलम १२ वाचावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही जातीच्या स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि तो ग्राहक आयोगातही चालतो. त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे द्यायचा असतो. सोबत जातीचा दाखला आणि खताची पावती न्यावी.