डाव्या बाजूचा मोठा वाटा

सुरतेहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. इथे हिरे-दागिन्यांचे औद्योगिक संकुल आहे. पुढे कवासचे गॅसवर चालणारे वीजकेंद्र, कृभकोचा खत कारखाना आणि मग हजीऱ्याचे पोलाद आणि बंदर. शेजारून वाहणारी तापी मुलताईला उगम पावून, भुसावळ आणि प्रकाशा मागे टाकत इथवर येते. तिच्याच खोऱ्यातून, उधना–जळगाव लोहमार्गाने, खानदेशातली असंख्य कुटुंबे सुरतेत येऊन स्थिरावली. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत अहिराणी सहज कानावर पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. अशा मराठी घरांसाठी, आणि तापीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या त्यांच्या माहेर-सासरच्या घरांसाठीही, हा लेख आहे. विषय कोशिंबिरीचा, त्यातही जमिनीखाली वाढणारे कंद-मुळे आणि फळे एकत्र आणणाऱ्या कोशिंबिरीचा.

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की सुरतेकडच्या भाजीबाजाराचा रंग बदलतो. कतारगामच्या नावाने ओळखली जाणारी पापडी येते, ओला लसूण येतो, लाल गाजरे, मुळे आणि शक्करिया म्हणजे आपली रताळी येतात. मातीने माखलेला, ओबडधोबड कंद येतो. कापला की आत गर्द जांभळा. कोकणात आणि वसईकडे ह्याला कोनफळ म्हणतात. तापीच्या मुखाशी दक्षिण काठावर असलेल्या डुमसला जी ‘रताळू पुरी’ खायला सुरतकर गर्दी करतात, ती रताळ्याची नसून ह्याच जांभळ्या कंदाच्या चकत्यांची भजी असते, वर भरडलेले धणे आणि मिरे लावलेली. आणि याच दिवसांत येते ओली हळद, केशरी आणि पिवळसर पांढरी. पांढरीला इथे आंबा हळदर म्हणतात, आपण आंबेहळद. दोन्ही सोलायच्या, पातळ चकत्या करायच्या, लिंबू आणि मिठात मुरू द्यायच्या, आणि हिवाळाभर जेवताना दोन-दोन चकत्या ताटात घ्यायच्या. शिजवायचे काही नाही. कच्च्या मुळाची इतकी साधी कोशिंबीर मला दुसरीकडे क्वचितच आढळली.

कंद आणि फळ एकत्र करणे हे अलीकडच्या आहारशास्त्राने शिकवलेले काहीतरी आहे, असा समज शहरांत पसरलेला दिसतो. सुरती उंधियु पाहिला तर तो टिकत नाही. त्यात जांभळा कंद, रताळे, बटाटा यांच्या जोडीला पिकलेले केळे असते, सालीसकट चीर देऊन हिरवा मसाला भरलेले. कंदाचा पिठूळपणा, केळ्याचा गोडवा आणि ओल्या लसणाचा झणका ही चव उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, घराघरांत असते. आपल्याकडे त्याच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीच्या भाजीत गाजर असते, वांगे, ओला हरभरा, पावटा असतो आणि बोरेही असतात. मूळ आणि फळ एकाच भांड्यात, तिळाच्या कुटाने बांधलेले. ऋषिपंचमीच्या भाजीतही सुरण, अळू, रताळे येते. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, ही त्यामागची धारणा. म्हणजे जोडी जुनीच आहे. फक्त ती शिजलेली आहे आणि सणापुरती आहे. ती रोजच्या ताटात आणि जमेल तेवढी कच्ची आणता येईल का, हा खरा प्रश्न.

आपल्या ताटात कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे: डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, मग कोशिंबीर. ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक 1970 साली आले आणि कमलाबाई ओगल्यांनी मराठी घरांना कोशिंबिरींचे कितीतरी प्रकार नीट मापासह हाती दिले. पण प्रकार वाढले तरी प्रमाण चमचाभरच राहिले. तोंडी लावणे म्हणून ते योग्यही होते, कारण जेवणारा माणूस दिवसभर शेतात राबत होता आणि उजव्या बाजूची भाकरी त्याला लागत होती. आज इच्छापोरच्या संकुलात चाकावर वाकून हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर किंवा नियंत्रण कक्षात पडद्यासमोर पाळी करणारा तंत्रज्ञ आठ-आठ तास बसून असतो. त्याच्या ताटाची डावी बाजू वाढली पाहिजे आणि उजवी थोडी आवरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण नेमका तिथेच घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते, पण त्यात बटाटा, रताळे असे पिठूळ कंद धरत नाही. गाजर, बीट, मुळा भाजीच्या खात्यात जातात. कोनफळ आणि रताळे भाकरीच्या खात्यात. कोशिंबिरीत उकडलेला कंद घातला, तर त्या जेवणात एक पोळी कमी घ्यायची. वाटी भरून रताळे आणि वर नेहमीइतक्याच पोळ्या घेतल्या, तर आरोग्यदायी म्हणून केलेला खटाटोप उलटा पडतो. रताळे उकडून पूर्ण गार केले की त्यातल्या स्टार्चचा काही भाग सहज न पचणारा होतो. म्हणून कोशिंबिरीसाठी ते सकाळी उकडून ठेवलेले बरे.

कोनफळ आणि सुरण कच्चे खायचे नाहीत. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. चिंच-आमसुलाचे आंबट घालून शिजवण्याची रीत त्यासाठीच पडली. कोनफळ सालीसकट उकडावे, म्हणजे जांभळा रंग पाण्यात कमी उतरतो. हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. लाल गाजराचा रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असते तेच. केशरी गाजरात बीटा-कॅरोटीन जास्त. लायकोपिन आणि कॅरोटीन ही द्रव्ये तेला-तुपात विरघळतात, पाण्यात नाही. नुसते गाजर किसून लिंबू पिळले तर त्यातले बरेचसे शरीराला मिळतच नाही. मोहरी-हिंगाची चमचाभर तेलाची फोडणी आणि दाण्याचे कूट इथे चवीपलीकडचे काम करतात. तेल नको म्हणून फोडणी गाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

बिटाबद्दल आपल्याकडे एक श्रद्धा आहे: लाल, म्हणून रक्त वाढवते. प्रत्यक्षात 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते. बिटाचे खरे बळ नायट्रेटमध्ये आहे. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात अर्धा लिटर बिटाचा रस प्यायलेल्या निरोगी माणसांचा वरचा रक्तदाब काही तासांसाठी सुमारे 10 अंकांनी उतरला होता. वाटीभर कोशिंबिरीने तेवढे होणार नाही, पण बीट ताटात ठेवायला हे कारण पुरेसे आहे. लोहासाठी मात्र पेरू मदतीला येतो. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या कितीतरी पट. डाळी, भाकरी, पालेभाजी यांतले लोह शोषायला ते उपयोगी पडते. म्हणून बीट आणि पेरू हे जोडपे मला फार पटते. रंग एकाचा, काम दुसऱ्याचे.

ओल्या हळदीवरही लोक फार ओझे टाकतात. बंगळूरच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले, की मिऱ्यातल्या पायपरिनसोबत दिल्यास हळदीतल्या कर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढते. पण तिथे वेगळे काढलेले कर्क्युमिन 2 ग्रॅम होते. ओल्या हळदीचा बराचसा भाग पाणीच, त्यामुळे दोन चकत्यांत एवढे येणे शक्य नाही. वर मिरपूड घालावी, ती चवीसाठी. आणि हळद खावी ती तिच्या कडसर, मातीच्या वासासाठी.

आता कृती, चौघांसाठी. कंद-मुळे सोलण्याआधी वाहत्या पाण्यात ब्रशने घासून घ्यावीत, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. पाव किलो कोनफळ किंवा रताळे उकडून, गार करून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. दोन लाल गाजरे जाड किसणीने किसावीत. एक कोवळा मुळा किसून, किंचित मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा आणि पिळून घ्यावा. एक टणक, अर्धपिका पेरू बिया काढून चिरावा आणि लगेच लिंबू चोळावे, म्हणजे काळा पडत नाही. पेरू नसेल तेव्हा संत्र्याच्या फोडी. चिकू इथे चालत नाही, तो सगळ्याला गुळचट लगदा करून टाकतो. आंबेहळदीच्या सात-आठ चकत्या बारीक चिरून, हिरवी मिरची, ओल्या लसणाची पात, कोथिंबीर, दोन मोठे चमचे दाण्याचे कूट. वरून दोन चहाचे चमचे तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. अर्ध्या डाळिंबाचे दाणे आणि किसलेले छोटे बीट अगदी वाढताना मिसळायचे. बीट आधी घातले की कोनफळाचा जांभळा, गाजराचा लाल आणि पेरूचा पांढरा हे सगळे एका गुलाबीत बुडून जातात. मीठही शेवटीच, कारण मीठ लागताच भाज्या पाणी सोडतात आणि तळाशी डबके साचते. साखर घालू नये, डाळिंब पुरेसे आहे.

मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बीट जपून खावे, त्यात ऑक्झलेट भरपूर असते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मोजावे लागते, तेव्हा कंद आणि फळे दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारावे. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी गुलाबी होते, त्याने घाबरून जाऊ नये.

डब्यात न्यायची असेल तर बीट आणि डाळिंब छोट्या डबीत वेगळे द्यावे, फोडणी घरीच घालावी, लिंबाची फोड सोबत ठेवावी. मुळ्याचे पिळलेले पाणी फेकू नये. त्यात ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ आणि मुळ्याचाच चिरलेला पाला घालून थालीपीठ लावावे. पाल्यात क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मुळ्याहून जास्त असते, म्हणून भाजीवाल्याला पाला तोडू देऊ नये, जुडी आहे तशीच पिशवीत घ्यावी.