लाल टोपण, नारिंगी टोपण

घरच्या घरी स्वतः इन्सुलिन टोचून घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने सिरिंज हे औषध शरीरात पोहोचवणारे साधन तर असतेच, पण त्याआधी ते औषध मोजण्याचे माप असते. आणि भारतात अशी दोन निरनिराळी मापे एकाच वेळी बाजारात मिळत असल्यामुळे सुईची जाडी, लांबी किंवा किंमत पाहण्याच्या आधी सिरिंज आणि औषधाची बाटली यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहावे लागते.

इन्सुलिनची मात्रा मिलिलिटरमध्ये न सांगता युनिटमध्ये सांगितली जाते आणि एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत, यावरून त्या इन्सुलिनची तीव्रता ठरते. भारतात दहा मिलिलिटरच्या बाटलीत मिळणारे बरेचसे इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे ‘यू-४०’ तीव्रतेचे असते. इन्सुलिन टोचण्याच्या पेनमध्ये बसवायच्या तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमधील नेहमीचे इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे ‘यू-१००’ असते आणि याच तीव्रतेच्या काही बाटल्याही दुकानात असतात. या दोहोंसाठी सिरिंजा वेगळ्या असून यू-४० सिरिंजेचे टोपण लाल, तर यू-१०० सिरिंजेचे नारिंगी ठेवण्याचा प्रघात आहे. मात्र मंद उजेडात किंवा मोतीबिंदूने अधू झालेल्या डोळ्यांना हे दोन रंग सारखेच भासू शकतात, म्हणून रंगावर विसंबून न राहता सिरिंजेवर आणि बाटलीवर छापलेला आकडा ताडून पाहावा, हेच खरे.

हा मेळ चुकला तर काय होते, ते वीस युनिटच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. यू-४० इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजेत विसाच्या रेघेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात ०.२ मिलिलिटर औषध, म्हणजे अवघी आठ युनिटे शरीरात जातात आणि रक्तातील साखर दिवसेंदिवस चढी राहते. उलट यू-१०० इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजेत त्याच रेघेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे पन्नास युनिटे टोचली जातात, आणि अडीच पट मात्रेमुळे साखर इतकी खाली येऊ शकते की घाम, थरथर आणि गोंधळलेपण यांच्या पाठोपाठ रुग्ण बेशुद्ध पडतो. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले औषध घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजेने ओढणे नेमके या कारणाने जिवावर बेतू शकते. अमेरिकेत माणसांसाठीचे बाटलीतले इन्सुलिन सहसा यू-१०० असते, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली सिरिंजांची पाकिटेही इथल्या यू-४० बाटलीसाठी वापरता येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इन्सुलिनच्या नावासोबत सिरिंजेचा प्रकारही लिहिला जाणे म्हणूनच अत्यावश्यक मानायला हवे.

औषध भरताना आधी तितक्याच रेघांइतकी हवा सिरिंजेत घेऊन ती बाटलीत सोडावी, मग बाटली उलटी धरून औषध ओढावे, आणि मात्रा वाचताना काळ्या रबरी दट्ट्याची सुईकडची कड रेघेवर आली आहे का, हे पाहावे. बुडबुडा राहिल्यास सिरिंजेवर बोटाने टिचकी मारून तो वर आणावा आणि परत बाटलीत सोडावा. बुडबुडा टोचला गेल्याने सहसा अपाय होत नाही, पण तेवढे औषध मात्र कमी पडते.

इन्सुलिन त्वचेखालच्या चरबीच्या थरात जायला हवे, स्नायूत गेले तर ते वेगाने शोषले जाते आणि साखर अनपेक्षितपणे उतरते. शरीर कृश असो वा स्थूल, टोचण्याच्या जागी प्रौढांची त्वचा साधारण दोन-अडीच मिलिमीटरच जाड असते. त्यामुळे लठ्ठ व्यक्तीला लांब सुई लागते हा समज टिकत नाही आणि पेनसाठी चार मिलिमीटरची सुई काटकोनात टोचणे बहुतेक सर्वांना पुरते. सिरिंजेची सुई बाटलीचे रबरी बूच भेदण्याइतकी लांब असावी लागते, म्हणून तिथे सहा किंवा आठ मिलिमीटरची सुई घेऊन, विशेषतः सडपातळ व्यक्तीने, चिमटीत कातडी उचलून टोचावे. सुईची जाडी ‘गेज’ या आकड्याने दाखवतात आणि हा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे २९ गेजपेक्षा ३१ गेजची सुई कमी दुखवते.

काचेच्या सिरिंजा उकळून वापरण्याच्या काळात वाढलेल्या पिढीला एकदा वापरलेली सुई टाकून देणे उधळपट्टी वाटते, आणि दिवसातून दोन-चार वेळा टोचून घेणाऱ्या घराला हा खर्च खरोखरच जड जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पाकिटावर ‘एकदाच वापरावी’ असे छापलेले असते ते उगीच नव्हे. वापराबरोबर सुईचे टोक बोथट होते, तिच्यावरचा सिलिकॉनचा गुळगुळीत लेप झिजतो आणि स्पिरिटने पुसल्यास तो आणखी निघून जातो. वारंवार वापरलेली सुई एकाच जागी टोचत राहिल्यास तिथली चरबी सुजून गाठ होते. अशा गाठीत टोचणे दुखत नाही म्हणून रुग्णाला ती जागा सोयीची वाटते, मात्र तिथून इन्सुलिनचे शोषण बेभरवशाचे होते आणि डॉक्टर मात्रा वाढवत राहतात, खरे कारण मात्र कातडीखाली दडलेले असते. म्हणून दर वेळी आधीच्या जागेपासून किमान एक सेंटिमीटर दूर टोचावे आणि पोट, मांडी चाचपून पाहण्याची विनंती डॉक्टरांना आवर्जून करावी. दुसऱ्याची सिरिंज किंवा पेन मात्र सुई बदलूनही कधीच वापरू नये, कारण रक्ताचा सूक्ष्म अंश कार्ट्रिजमध्ये मागे ओढला जाऊ शकतो.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकली की ती कचरा हाताने निवडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या बोटात घुसते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या. द्रवरूप साबणाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली अशा सुया साठवण्यासाठी चांगली. ती पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहून ती नगरपालिकेच्या घातक कचरा संकलनात द्यावी, किंवा अशा सुया स्वीकारणाऱ्या जवळच्या रुग्णालयाकडे वा प्रयोगशाळेकडे पोहोचवावी.