वेशभूषा घरच्या घरी (भाग ५) : वाफेच्या युगाची टोपी

गेल्या आठवड्यात फोम शीटचा पट्टा केला, त्याचे उरलेले तुकडे टाकले नसतील तर आज कामाला येतील. आज स्टीमपंक टोपी करू.

स्टीमपंक हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ साली सुचवला. जग वाफेवर आणि पितळी चक्रांवरच पुढे गेलं असतं तर ते कसं दिसलं असतं, ही त्यामागची कल्पना. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स हे या जगाचे पूर्वज. व्हर्नच्या १८८० सालच्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उत्तर हिंदुस्थानात हिंडतो आणि तिच्यात नानासाहेब पेशवेही येतात.

टोपी करायला बसले की मला रॉबर्ट हाउलेटने १८५७ साली काढलेलं एक छायाचित्र आठवतं. इंजिनियर ब्रुनेल आपल्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाच्या अजस्र साखळ्यांसमोर उभा आहे. तोंडात सिगार, पँटला चिखल आणि डोक्यावर उंच काळी टॉप हॅट. ती टोपी घालून तो कामावर आला होता. आपली टोपीही तशीच, कामावरची दिसायला हवी.

आधी डोक्याचा घेर मोजा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. डोकं गोल नसतं, लांबट असतं. साडेसत्तावन सेंटिमीटर घेराला २० बाय साडेसोळाचा लंबगोल बरोबर बसतो. खोक्याचा नळ्यांचा पुठ्ठा घ्या. उभ्या भिंतीसाठी नळ्या उभ्या ठेवा, म्हणजे तो न मोडता वळतो. भिंतीची उंची १५ सेंटिमीटर, शिवाय वर-खाली दीड सेंटिमीटरच्या कातरलेल्या पट्ट्या. वरच्या पट्ट्या आत दुमडून झाकण चिकटवा. खालच्या बाहेर दुमडा आणि काठ वरून घालून त्यांवर टेकवा. काठ सात सेंटिमीटर रुंद आणि दुहेरी असू द्या, वरच्या थराच्या नळ्या आडव्या तर खालच्या उभ्या. एकेरी काठ दोन दिवसांत लोंबतो.

आता आवरण. वह्यांना घालतो तो खाकी कागद चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा. पाणी घातलेल्या फेविकॉलने तो टोपीवर बसवा. वाळल्यावर गडद तपकिरी रंग लावून लगेच फडक्याने पुसा. रंग सुरकुत्यांमध्ये राहतो आणि कागदाचं चामडं होतं. हे होताना पाहणं मला अजूनही फार आवडतं.

मग चक्रं. माझ्या पहिल्या टोपीवर मी तीन चक्रं त्रिकोणात, एकमेकांत दाते अडकवून लावली होती. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ती हातात घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, हे फिरणार नाही.” खरंच होतं. शेजारचं चक्र नेहमी उलट दिशेला फिरतं. पहिलं उजवीकडे तर दुसरं डावीकडे, मग त्या दोघांनाही टेकलेलं तिसरं कुठल्या दिशेला फिरणार? तेव्हापासून मी चक्रं ओळीत लावते आणि दाते सारख्याच मापाचे कापते. १२ दात्यांचं चक्र तीन सेंटिमीटरचं असेल तर २४ दात्यांचं सहाचं. नुसती शोभेला चिकटवलेली चक्रं मला टोपीवर नको वाटतात. शेवटचं चक्र एखाद्या काट्याला किंवा झडपेला जोडलेलं दिसू द्या.

चक्रं फोमची कापा. फोम रंग पिऊन टाकतो, म्हणून आधी फेविकॉल-पाण्याचे तीन हात द्या. मग काळा रंग. तो वाळला की ब्रश तांबूस सोनेरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि दात्यांच्या कडांवरून हलकेच फिरवा. खाचांमध्ये थोडा हिरवट-निळा पातळ रंग सोडा. पितळेच्या भांड्यात आंबट राहिल्यावर जसा कळंक चढतो, तसा तो दिसला पाहिजे.

टोपी रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. काठाच्या वर बोटभर जागा मोकळी ठेवा. पुढच्या भागात तिथे गॉगल बसवायचा आहे; त्यासाठी बाटल्यांची दोन झाकणं जपून ठेवा.