दुसरा दोर

आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धगोल फिरते. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात. दोन दोर, माणसांच्या दोन रांगा. दोघींनी सारखेच ओढायला हवे. एकीने घाई केली तर जाळे वाकडे होते, मासळी निसटते. म्हणून पुढाऱ्याची नजर दोन्ही दोरांवर हवी.

माणसाचे चुकते ते इथेच. आपला हात ज्या दोराला, तेवढाच त्याला दिसतो.

आमचेही तसेच झाले. आम्ही हेडमास्तर होतो. पुढच्या बाकावरची हुशार मुले आम्हांला दिसत. मागच्या बाकावरचा एक मुलगा यायचा थांबला. आम्हांला ते आठ दिवसांनी कळले! मुलगाच आळशी, असे आम्ही म्हणालो. रात्री झोप येईना. चूक आमच्या नजरेची होती. सकाळी त्याच्या घरी गेलो. तो मुंबईला कामाला गेला होता.

मधू दंडवते आपल्या भागातून, राजापूर मतदारसंघातून, पाच वेळा लोकसभेवर गेले. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाचे उतारू तेव्हा लाकडी फळ्यांवर झोपत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर गाद्या बसवायला सुरुवात केली. दुसरा दोर त्यांना दिसला.

तुम्ही उद्या बचत गट चालवाल, पंचायतीत बसाल. रोज निजताना स्वतःला विचारा : आज कोणाचे ऐकायचे राहिले? राग कोणावर काढला? चुकले असेल तर सकाळीच जाऊन सांगा. त्यात कमीपणा नाही. उशीर मात्र करू नका.