पावटा का रुसला?

गणपती जाऊन आठ-पंधरा दिवस झाले, की आमच्या बेळगावची हवा पालटते. चार महिने कौलांवर वाजणारा पाऊस थकतो, सकाळी गवतावर दव दिसू लागते, आणि दुपारी मात्र ऊन असे चटकते की उन्हाळाच परत आला की काय असे वाटावे. पंचांगात याला शरद ऋतू म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत हे ‘परडं लावायचे दिवस’.

गेल्या वर्षी श्रावणात आजी न्हाणीघरात घसरली. मांडीचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी खाली बसून काम करायला कायमची बंदी घातली. घरामागचे परडे, असेल पंधरा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब, ते माझ्याकडे आले. हात माझे आणि तोंड आजीचे, अशी भागीदारी झाली. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात अशा भागीदारीची तरतूद मला तरी आढळली नाही. निष्क्रिय भागीदार म्हणावे, तर आजी खिडकीत खुर्ची टाकून दिवसभर हुकूम सोडत असे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बागकामावर लिहावे याचे कोणाला हसू येईल. पण मी चुका पुष्कळ केल्या आहेत, आणि चुकांचा अनुभव सांगायला शाखा आड येत नाही.

पहिली गोष्ट मातीची. बेळगाव हे दोन मातींच्या शिवेवरचे गाव. पश्चिमेला सह्याद्रीकडे तांबडी माती, पूर्वेकडे काळी. आमच्या परड्यात तांबडी. चार महिन्यांच्या पावसाने ती वरून दडपून पापडीसारखी कडक होते, आणि पाण्यात विरघळणारे नत्र खोल वाहून जाते. म्हणून भाद्रपद सरताना माती खुरप्याने भुसभुशीत करून तिला शेणखत द्यावे लागते. ते चांगले कुजलेले हवे. मी उत्साहाने ताजे शेण आणले, तेव्हा आजीने खिडकीतूनच कपाळावर हात मारला. कच्च्या शेणाने हुमणीला आमंत्रण जाते, आणि कुजताना त्याची ऊब कोवळ्या मुळांना सोसत नाही.

दुसरी गोष्ट वाफ्यांची. पाऊस गेला असे वाटते, पण आश्विनात संध्याकाळी गडगडाट करून परतीचा पाऊस येतो आणि पेरलेले बी धुऊन नेतो. त्यासाठी वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. कोथिंबिरीला धीर लागतो. आपण ज्याला धणा म्हणतो त्यात दोन बिया असतात, म्हणून तो हलक्या हाताने रगडून दोन फाके करून पेरावा. मी अख्खे धणे पेरले, पाचव्या दिवशी उगवले नाही म्हणून वाफा उकरून पाहिला आणि सगळे बिघडवले. दहा-बारा दिवस थांबणे हेच तिथे काम होते.

टोमॅटोची रोपे तर माझ्या मायेनेच गेली. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत होतो. एके सकाळी पाहतो तो निम्मी रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. हा बुरशीचा रोग. ओल सारखी राहिली की बुरशी कोवळ्या देठाचा तळ खाते. पलीकडच्या अज्जी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “नीरु साकु, तम्मा!” म्हणजे पाणी पुरे. झेंडूच्या बाबतीत मात्र नशीब बरे. त्याचे शेंडे आजीने पडण्यापूर्वीच खुडून घेतले होते. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात, झाड बुटके आणि भरगच्च होते. दसऱ्याला तोरणापुरती फुले घरची निघाली.

आता पावट्याकडे येतो, कारण हा लेख त्याच्यासाठीच लिहिला.

आमचे परडे आणि अज्जींचे ‘हित्तल’ यांच्यामध्ये कंबरेएवढी भिंत आहे. चाळीस वर्षे या भिंतीवरून बियांची देवघेव चालली आहे. आजी मराठीत बोलते, अज्जी कन्नडमध्ये उत्तर देतात, आणि दोघींचे अडत नाही. जूनमध्ये आजीने एकाच शेंगेतला पावटा, म्हणजे त्यांचा ‘अवरे’, निम्मा ठेवून निम्मा अज्जींना दिला. दोन्हीकडे वेल उत्तम चढले. दसऱ्याच्या सुमारास आमचा वेल जांभळट फुलांनी भरला. अज्जींच्या वेलाला मात्र दिवाळी आली तरी नुसता पाला.

आधी अज्जी काही बोलल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, की टपोरे बी घरात राहिले आणि पोचट आमच्या वाट्याला आले. आजीला ते लागले. त्यानंतर भिंतीवरचे बोलणे बंद झाले आणि निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. दोघींना दोन्ही भाषा समजत असताना मी दुभाषा झालो. प्रत्येक निरोपातली निम्मी आंबटाई मी वाटेतच काढून टाकत असे, हे आता कबूल करतो.

शेवटी आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बियांबद्दल नव्हता. “तिथे रात्री उजेड असतो का?” असतो. अज्जींच्या बाजूला पावसाळ्याआधीच रस्त्यावरचा नवा पांढरा दिवा आला होता, आणि त्याचा झोत थेट त्यांच्या मांडवावर पडत होता.

सरांनी सांगितलेले थोडक्यात असे. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले, की काही झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. (तंबाखू म्हटला की आपल्याला निपाणीच आठवते!) ती उन्हाळ्यात नुसती उंच वाढे, फुलत नसे. रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून तिचा दिवस लहान केला, तेव्हा ती फुलली. पुढे कळले, की झाड खरे तर रात्र मोजते. पानातले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे काम करते. सलग लांब अंधार मिळाला तरच अशा झाडाला फुलण्याचा इशारा पोचतो. मध्येच उजेड पडला तर मोजदाद मोडते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे तेरा तासांचा असतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात आणि पुढे रात्र वाढत जाते. गावठी पावटा याच वाढत्या रात्रीची वाट पाहतो. शेवंतीही त्यातलीच, ती उशिरा फुलावी म्हणून बागायतदार मुद्दाम रात्री दिवे लावतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळ अवरे ३ आणि ४ या जातींना रात्रीचे हे बंधन नाही, त्या वर्षभर घेता येतात. आजीचे बी मात्र तिच्या माहेरचे, जुन्या वळणाचे.

मी अज्जींच्या मांडवाला दिव्याच्या बाजूने गोणपाट बांधले. त्यांना कारण सांगितले तेव्हा त्या हसल्या, पण बांधू दिले. तीन-चार आठवड्यांनी गोणपाटामागे तुरे दिसू लागले. जिथे गोणपाट पुरले नव्हते, त्या टोकाला पालाच राहिला. एका वेलावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण बी दोषी नव्हते एवढे ठरायला तो पुरेसा होता.

मार्गशीर्षात अज्जींकडून पितळी डब्यात पावट्याची उसळ आली. आजीने चव घेतली आणि भिंतीकडे तोंड करून, मला मध्ये न घेता, “मीठ थोडं कमी आहे” असे मोठ्याने सांगितले. पलीकडून कन्नडमध्ये तेवढ्याच मोठ्याने उत्तर आले.

परड्याचा हिशेब मी एका वहीत ठेवतो. खत, बी, झारी एका बाजूला; मेथीच्या पेंड्या, मुळे, झेंडू बाजारभावाने दुसऱ्या बाजूला. पहिल्या तीन महिन्यांत तोटा आहे, आणि त्यातला बराचसा टोमॅटोचा. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, म्हणून आजीने त्यात कोथिंबिरीची जुडी घालून दिली. ती जुडी अजून वहीत कुठेच चढलेली नाही.